वसंताचं ताट : शास्त्र, झाड, पंचांग आणि हक्क

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना थोडं नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आंबेडाळ आणि पन्ह्याबद्दल काय बोलणार? तर पाककृती सांगण्यासाठी मी उभा नाही, त्या तुमच्या घरातली माणसं माझ्यापेक्षा चांगल्या जाणतात. माझा प्रश्न वेगळा आहे. चैत्रात आपण जे खातो, ते का खातो? 'आपल्या पूर्वजांनी ऋतूप्रमाणे आहार ठरवून दिला' असं वाक्य हल्ली वारंवार कानावर येतं. या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासण्यासारखा आहे. पूर्वज म्हणजे कोण? ऋतू कुठला? आणि ठरवून दिला म्हणजे कोणी, कोणासाठी?

सुरुवात ग्रंथांपासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहावा अध्याय ऋतूनुसार आहारविहाराचा आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. दोघांचाही वसंताबद्दलचा विचार साधारण एकच आहे. थंडीत शरीरात कफ साठतो. वसंतातलं ऊन तापू लागलं की तो पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून या दिवसांत हलकं आणि रूक्ष खावं, जुने जव, गहू, मध असे पदार्थ घ्यावेत, व्यायाम करावा. टाळायचं काय? जड, थंड, तेलकट-तुपकट, गोड आणि आंबट. शिवाय दुपारची झोप. (हे शेवटचं आपल्यापैकी किती जणांना मानवेल, ते मी विचारत नाही.)

वाग्भट आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्या ऋतूचे पहिले सात दिवस, हा ऋतुसंधी. त्या काळात जुनी सवय हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. एकदम बदल केला तर शरीर तक्रार करतं.

आता गुढीपाडव्याचा कडुनिंब घ्या. कोवळी पानं, जमल्यास फुलं, त्यात मिरी, हिंग, ओवा, जिरं, मीठ, थोडी चिंच आणि गूळ घालून वाटलेली गोळी. कडू आणि तिखट रस, पचनाला मदत करणारे मसाले. वैद्यांच्या वसंतविचारात ही गोळी बरीच चपखल बसते. त्याच सुमारास कडुनिंबाला नवी पालवी आणि मोहोर येतो, म्हणजे झाडही त्या दिवशी हजर असतं. आपले कानडी शेजारी बेवु-बेल्ल खातात, तेलुगू शेजारी उगादी पच्चडी करतात. कल्पना एकाच कुळातली आहे. इथपर्यंत 'पूर्वजांनी ठरवून दिलं' हे वाक्य बरं चालतं.

अडचण पुढे येते. पाडवा झाला की दोन दिवसांनी चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिनाभरात आपलं ताट कशानं भरतं? कैरीनं. आंबेडाळ, पन्हं, कैरीची चटणी, तक्कू, मेथांबा. सगळं आंबट आणि गोड. म्हणजे वाग्भटानं वसंतात जे दोन रस टाळायला सांगितले, नेमके तेच. बरं, हा वसंत नसून ग्रीष्म आहे असं धरलं, तरी सुटका नाही. ग्रीष्मात गोड, थंड, पातळ पदार्थ तो सांगतो खरा, पण आंबट तिथेही टाळायलाच सांगतो. मग आपल्या आज्या-पणज्यांनी शास्त्र मोडलं का?

मला वाटतं, इथे तीन गोष्टी नीट वेगळ्या करायला हव्यात.

पहिली गोष्ट भूगोलाची. चरकसंहितेतल्या अनेक चर्चा हिमालयाच्या कुशीत किंवा गंगाकाठच्या कांपिल्य नगराच्या परिसरात घडतात. वाग्भटाचं नातं सिंधू देशाशी जोडलं जातं. तिथली थंडी खरी थंडी असते. ती संपून ऊब येते तो वसंत, आणि साठलेला कफ वितळण्याची उपमा अशा प्रदेशातच सुचते. विदर्भात किंवा सोलापुराकडे चैत्रात काय होतं ते तुम्ही जाणता. पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. कोकणात घामाच्या धारा लागतात. ग्रंथातला वसंत आपल्याकडे आलाच, तर फाल्गुनात चार दिवस पाहुणा येतो. आणि गंमत म्हणजे ग्रंथकारांना हे अगदीच अपरिचित नव्हतं. सुश्रुतसंहितेत ऋतूंची दोन कोष्टकं आहेत. एकात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. दुसऱ्यात वसंत म्हणजे फाल्गुन-चैत्र, आणि पावसाच्या आधी 'प्रावृट्' नावाचा आणखी एक ऋतू. एकाच ग्रंथात दोन कोष्टकं असणं हा गोंधळ आहे असं कोणी म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ऋतू महिन्यांना कायमचे बांधलेले नाहीत, हे त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट पंचांगाची. ही जरा लक्ष देऊन ऐका. आपलं पंचांग वर्ष मोजतं ते ताऱ्यांच्या संदर्भानं. याला निरयन पद्धत म्हणतात. ऋतू मात्र ताऱ्यांना विचारत नाहीत. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किती आणि दक्षिणेला किती, यावर ते ठरतात. त्या मोजणीला सायन म्हणतात. या दोन वर्षांच्या लांबीत सुमारे २० मिनिटांचा फरक आहे. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण साधारण ७० वर्षांत त्याचा एक दिवस होतो. वाग्भटाला ढोबळमानानं १४०० वर्षं झाली असं धरा. म्हणजे फरक सुमारे २० दिवसांचा. अधिक महिन्यामुळे पाडवा दरवर्षी पुढेमागे होतो ते वेगळं, पण सरासरीनं पाहिलं तर त्याच्या काळचा चैत्र आजच्यापेक्षा जवळजवळ तीन आठवडे लवकर, म्हणजे जास्त थंड दिवसांत यायचा. नाव तेच राहिलं, ऊन बदललं.

या प्रश्नावर महाराष्ट्रात फार कसून विचार झाला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालचा. दीक्षित सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. सण ऋतूंशी जोडलेले राहावेत, ही त्यामागची तळमळ. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५५ चा. त्यातून जी राष्ट्रीय दिनदर्शिका आली ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शकापासून लागू झाली. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी तारीख ऐकताना तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवरून ती गेली असेल. पण सण काही तिच्याप्रमाणे साजरे झाले नाहीत. साहांनी हिशोब दुरुस्त केला, घरातली भिंत मात्र जुन्याच कॅलेंडरची राहिली.

तिसरी गोष्ट झाडाची आणि शेताची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आंबेडाळीत काय काय लागतं? हरभऱ्याची डाळ. हरभरा रब्बीचं पीक, फाल्गुनाच्या आगेमागे घरात येतो. पन्ह्यात काय लागतं? गूळ. उसाची गुऱ्हाळं थंडीपासून चालू असतात, होळीपर्यंत नवा गूळ बाजारात मुबलक असतो. आणि कैरी. आंब्याच्या मोहोरात हजारो फुलं असतात. त्यातली शंभरात एकसुद्धा पिकलेल्या आंब्यापर्यंत पोचत नाही. बाकीची बाळकैऱ्या असताना, सुपारीएवढी असताना, वाऱ्यानं गळून पडतात. बागायतदारासाठी ते नुकसान. घरातल्या बाईसाठी टोपलीभर फुकटची कैरी. ती वाया कशी घालवायची? नवी डाळ, नवा गूळ आणि गळलेली कैरी या तीन गोष्टी एकाच महिन्यात एकाच घरात आल्या, आणि आंबेडाळ-पन्हं झालं. कुठल्याही ऋषीनं आज्ञा केलेली नव्हती. दारात आलेलं काय आहे आणि घरात काय आहे, यांचा मेळ घातला गेला.

आणि मग शास्त्र स्वयंपाकघराच्या मागून आलं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात 'आम्रप्रपानक' दिलेलं आहे. कच्चा आंबा पाण्यात उकडायचा, हातानं कुस्करायचा, थंड पाणी, साखर, कापूर आणि मिरी घालायची. ग्रंथ त्याचं श्रेय चक्क भीमसेनाला देतो! विराटाच्या घरी बल्लव म्हणून राहिलेला भीम आठवा, म्हणजे हे श्रेय का दिलं असेल ते कळेल. केशर-वेलदोडा सोडला तर हे आपलंच पन्हं आहे, आणि 'पन्हं' हा शब्दही त्या 'पानका'शीच नातं सांगतो. म्हणजे जी कैरी नियमानं बाहेर राहत होती, ती साखर-गुळाच्या सोबतीनं आत आली. शास्त्रानं नियम सांगितला, स्वयंपाकघरानं अपवाद तयार केला, आणि पुढच्या शास्त्रकारानं तो अपवाद नोंदवून घेतला. परंपरा बहुतेक वेळा अशीच बनते.

तिखटाचंही असंच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या मानसोल्लासात अन्नाच्या प्रकरणात ऋतूप्रमाणे रस सांगितले आहेत. वसंतात तिखट, ग्रीष्मात गोड आणि थंड. हे वाचून कोणी म्हणेल, बघा, आमच्या आंबेडाळीतली मिरची तेव्हापासूनची! तसं नाही. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात इथे आली. सोमेश्वराचं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. आता पुन्हा पाडव्याच्या गोळीकडे पाहा. तिच्यात आजही मिरी आहे, मिरची नाही. विधीनं जुनं ताट जपलं आणि रोजच्या स्वयंपाकानं नवं स्वीकारलं. कोकणात आणि गोव्यात चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ होते. त्याच्याइतकं 'आपलं' काय असेल? पण काजूही ब्राझीलचा, पोर्तुगीजांनीच आणलेला. तिच्या शेजारी फणसाच्या कुयरीची भाजी असते, आणि फणस मात्र इथल्या मातीतला. एकाच पानात एक पदार्थ चारशे वर्षांचा आणि दुसरा कित्येक हजार वर्षांचा, आणि जेवणाऱ्याला फरक कळत नाही. कळायची गरजही नाही. फक्त 'सनातन' हा शब्द वापरताना जरा जपून, एवढंच.

आतापर्यंत मी चैत्रातल्या ताटाबद्दल बोललो. पण चैत्रातला बराचसा स्वयंपाक चैत्रात खाण्यासाठी नसतोच. गच्चीवर, अंगणात काय वाळत असतं? कुरडया, पापड, सांडगे, आमसुलं. बरण्यांत लोणचं, मुरांबा, साखरांबा. ऊन फुकट मिळतं तेवढ्यात पावसाळ्याची तरतूद करायची. आषाढात भाजी महाग, सरपण ओलं, वाटा बंद. त्या दिवसांची भीती चैत्रातल्या उन्हात वाळवली जात असे. 'हंगामी खाणं' हा शब्द आज आवडीच्या अंगानं येतो. जुन्या माणसाला तो आवडीचा प्रश्न नव्हता. हंगाम चुकला तर पुढचे चार महिने कोरडी भाकरी, इतका तो साधा होता.

आणि ज्यांच्याकडे साठवायला हरभरा नव्हता, गूळ नव्हता, आंब्याची बाग नव्हती, त्यांचा वसंत कसा होता? हा प्रश्न विचारल्याशिवाय वसंताच्या अन्नाचा इतिहास पुरा होत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, ठाणे-रायगडच्या जंगलपट्ट्यात, आणि तिकडे गडचिरोली-चंद्रपुरात, वसंत म्हणजे मोह. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं रात्री गळतात. पहाटे बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. जाड, रसाळ, गोड फूल. ते ताजं खातात, वाळवून ठेवतात, उकडतात, भाजतात, पिठात मिसळून भाकरी करतात. बियांचं तेल निघतं. धान्य संपत आलेलं आणि नवं यायला अजून सहा महिने, अशा दिवसांत झाडानं दिलेलं हे अन्न. या फुलांची दारूही होते, हे खरंच.

आणि नेमक्या त्याच कारणानं सरकारची नजर झाडावर गेली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं दारू गाळण्यावर सरकारचं नियंत्रण घट्ट झालं. मग १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीच मुंबई इलाख्यात वेगळा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध आले. सरकारच्या दृष्टीनं ते दारूचा कच्चा माल होतं. कातकरी, वारली, ठाकर यांच्या दृष्टीनं ते चैत्राचं धान्य होतं. एकाच फुलाच्या या दोन व्याख्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'वस्तूचं स्वरूप काय' यावर तासन् तास वाद घालायचो. इथे त्या वादाचा निकाल कायद्यानं लावला, आणि निकाल चुकला तर पोट उपाशी राहत होतं. स्वातंत्र्यानंतरही मोहफुलांवरची बंधनं वेगवेगळ्या रूपांत राहिली. महाराष्ट्र शासनानं ती बऱ्याच अंशी सैल केली ती २०२१ मध्ये. म्हणून मी म्हणतो, ऋतूप्रमाणे खाण्यासाठी ऋतू पुरेसा नाही. त्या ऋतूवर आपला हक्कही असावा लागतो.

हा हक्काचा प्रश्न जंगलापुरता नाही. तो आपल्या माजघरातही होता. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा. ओल्या हरभऱ्यांची ओटी, वाटीत आंबेडाळ, पेल्यात पन्हं, कलिंगडाची फोड, दारात चैत्रांगणाची रांगोळी. देखणा सोहळा. पण तो सवाष्णींचा. विधवा बाईला त्या बैठकीत जागा नव्हती. माझी आजी लाल आलवणातली होती. दुपारभर पाट्यावर डाळ ती वाटायची, फोडणीचा अंदाज साऱ्या वाड्यात तिच्याइतका कोणाला नव्हता. संध्याकाळी बायका यायच्या तेव्हा ती मागच्या खोलीत बसायची. डाळ बाहेर जायची, आजी नाही. तेव्हा आम्हा मुलांना त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरी तसं होतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी मी दोनदा वाचली. आज अनेक घरांत हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलावतात. काही ठिकाणी अजूनही कुजबुज होते. आंबेडाळीची चव त्यानं बिघडल्याचं कुठे ऐकलेलं नाही.

आता एका शब्दाकडे येतो आणि आवरतं घेतो. चरक ऋतुचर्येचा अध्याय संपवताना 'ओकसात्म्य' अशी एक संज्ञा देतो. अभ्यासानं, सवयीनं जे शरीराला मानवू लागतं ते ओकसात्म्य. मला हा फार मोठा विचार वाटतो. सगळे नियम सांगून झाल्यावर ग्रंथकार म्हणतो की सवय हीसुद्धा एक शक्ती आहे, तिची दखल घ्या. म्हणजे शास्त्राच्या आतच बदलाला दार ठेवलेलं आहे. मिरची त्या दारानं आली, काजू आला, कैरी आली. पण सवयीची दुसरी बाजूही आहे. सवयीनं अन्याय पण मानवतो. आजी मागच्या खोलीत बसते हे मानवतं. मोहाचं फूल उचलणारा गुन्हेगार ठरतो हे मानवतं. शरीराला जे सवयीनं मानवलं ते हितकर असू शकतं. समाजाला जे सवयीनं मानवलं ते हितकर आहे की नाही, ते मात्र दर पिढीनं पुन्हा तपासावं लागतं. चरकाची संज्ञा शरीराबद्दल आहे, ही पुढची जोड माझी आहे.

तर 'पूर्वजांनी ऋतूप्रमाणे आहार ठरवून दिला' या वाक्याचं आपण काय करायचं? मी ते टाकून देणार नाही. थोडं दुरुस्त करीन. वैद्यांनी काही सांगितलं, झाडांनी काही दिलं, पंचांगानं दिवस ठरवले आणि ते दिवस हळूहळू सरकले, समुद्रापलीकडून काही आलं, आणि या सगळ्यांचा मेळ घरोघरच्या बायकांनी घातला, ज्यांची नावं कुठल्याच संहितेत नाहीत. तो मेळ अजून संपलेला नाही. आज शहरात बाराही महिने कैरी मिळते. शीतगृहातली, दूरदेशची. ती खाल्ल्यानं पाप लागत नाही. पण नव्या डाळीचा, नव्या गुळाचा आणि गळक्या कैरीचा एकत्र येण्याचा जो महिना होता, तो बाजाराच्या हिशोबात दिसेनासा होतो, आणि त्याबरोबर गावातल्या आंब्याच्या झाडाशी असलेला आपला संबंधही.

या चैत्रात आंबेडाळ कराल तेव्हा दोन साध्या चौकशा करा. कैरी कुठल्या झाडाची, हे भाजीवाल्या मावशींना विचारा. त्या बहुधा गावाचं नाव सांगतील. आणि डाळीची वाटी कोणाकोणाकडे गेली, कोणाकडे जायची राहिली, ते घरात विचारा. ऋतुचर्येचा अध्याय मी शिकवत असतो तर हाच गृहपाठ दिला असता.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.